सायकलशर्यतीचा इतिहास : नियम कोणाचे, घाम कोणाचा?

सायकलशर्यतीवर या नियतकालिकात लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. खेळ म्हणजे करमणूक आणि करमणूक म्हणजे पोट भरलेल्यांचा उद्योग, अशी आपल्याकडे एक समजूत रूढ आहे. ती मला मान्य नाही. एखाद्या समाजात कोणाला आत घेतात, कोणाला उंबऱ्याबाहेर ठेवतात, कोणाच्या श्रमावर कोण मोठा होतो आणि त्या मोठेपणाची नोंद कोणाच्या नावावर होते, हे पाणवठ्यावर आणि देवळाच्या पायरीवर जसे कळते तसेच ते खेळाच्या मैदानावरही कळते. किंबहुना तिथे ते अधिक उघडे पडते. कारण गावगाड्याचे नियम बहुतेक तोंडी असतात. खेळाचे नियम मात्र कागदावर लिहून, छापून, मंजूर करून घेतलेले असतात.

गेली कित्येक वर्षे मी युरोपातल्या रस्त्यावरच्या सायकलशर्यती आवडीने पाहतो आहे, त्यांच्याविषयी मिळेल ते वाचतो आहे. या वाचनातून माझे एक मत बनले आहे. सायकलशर्यतीचा खरा इतिहास विजेत्यांच्या यादीत सापडत नाही. तो नियमांच्या वहीत सापडतो. नियम कोणी केले, कोणासाठी केले आणि ते कोणाच्या पाठीवर पडले, हे पाहिले की या खेळाचे वैभव आणि त्याचे पाप दोन्ही एकाच वेळी दिसू लागतात.

आधी यंत्राविषयी. पुढचे चाक प्रचंड आणि मागचे चिमुकले अशी जी जुनी उंच सायकल होती, ती सधन तरुणांचे खेळणे होती. १८८५ साली इंग्लंडमधल्या कव्हेन्ट्री इथे जॉन केम्प स्टार्ली याने 'रोव्हर' नावाची सायकल बाजारात आणली. तिची दोन्ही चाके जवळजवळ सारखी आणि मागच्या चाकाला साखळीने गती दिलेली. आज आपण जिला सायकल म्हणतो ती हीच. १८८८ साली बेलफास्टमध्ये जनावरांचा डॉक्टर असलेल्या जॉन डनलॉपने हवा भरलेले टायर तयार केले आणि खडबडीत रस्ताही बसणाऱ्याला सुसह्य झाला. पुढच्या दहा वर्षांत सायकल स्वस्त होत गेली. कामगार, शिक्षक, कारकून, स्त्रिया असे सगळे तिच्यावर बसू लागले. ज्याच्या दारात घोडा बांधलेला नव्हता, तो माणूस इतिहासात पहिल्यांदा स्वतःच्या मर्जीने दूरवर जाऊ लागला.

पण या मऊ टायरची किंमत कोणी मोजली? रबराची मागणी वाढली त्या काळात आफ्रिकेतला काँगो हा बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याची जवळजवळ खाजगी मिळकत होता. जंगलातल्या वेलींचे रबर ठरल्या मापाने आणून दिले नाही, तर गावे जाळली जात, बायकांना ओलीस धरले जाई. खर्च झालेल्या काडतुसाचा हिशेब म्हणून माणसांचे तोडलेले हात शिपायांकडून मागितले जात. १९०८ साली बेल्जियम सरकारला हा मुलूख राजाच्या हातून काढून घ्यावा लागला. सायकलच्या इतिहासाच्या देखण्या पुस्तकांत डनलॉपचा फोटो असतो. काँगोतला हात बहुधा नसतो. सायकलवर माझे प्रेम आहे, म्हणूनच हा हिशेब आधी मांडतो.

हे प्रेम मला वारशाने मिळाले. माझ्या वडिलांनी जुनी, वापरलेली सायकल घेतली तेव्हा त्यांनी रंग पाहिला नाही. कॅरिअर पोत्याचे वजन पेलेल का, दांडीवर मूल बसवता येईल का आणि पाय जमिनीला टेकतात का, एवढेच पाहिले. गावातल्या एका वाड्यासमोरून जाताना ते खाली उतरत आणि सायकल हाताने ढकलत नेत. वाडा मागे पडला की पुन्हा बसत. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण सगळ्यांना पाठ होता. पुढे नोकरी लागल्यावर मी माझी सायकल घेतली. दुकानात तासभर फ्रेमची उंची, हँडलची पकड, फ्रीव्हीलचा आवाज पाहत बसलो. आणि आजही कोणी विचारले तर मी हेच सांगतो की आधी आपल्या पायांच्या मापाची फ्रेम निवडा, बाकी सगळे मागाहून बदलता येते. चढावर लागणारा दम आपला असतो आणि उतारावर कानात भरणारा वाराही आपलाच असतो. हा आनंद साधा नाही. ज्याच्या बापाला वाटेत उतरावे लागले, त्याला तो अधिक कळतो.

आता लिहिलेल्या नियमाकडे वळू. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केला. निग्रोंना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी त्यांनी दाखवलेल्या निरपेक्ष त्यागाबद्दल. त्यानंतर पाच वर्षांनी, नोव्हेंबर १८७८ मध्ये, त्याच अमेरिकेत इंडियानापोलिस शहरी मार्शल वॉल्टर टेलर या कृष्णवर्णीय मुलाचा जन्म झाला. बाप एका श्रीमंत गोऱ्या कुटुंबाच्या गाडीवर होता. त्या घरातल्या मुलाचा सोबती म्हणून पोर तिथे वावरले आणि त्यांच्याकडूनच त्याला सायकल मिळाली. पुढे एका सायकल-दुकानाच्या दारात तो शिपायाचा गणवेश घालून सायकलवर कसरती करून दाखवू लागला. त्या गणवेशावरून त्याचे नाव पडले 'मेजर'. इतिहास त्याला मेजर टेलर म्हणूनच ओळखतो.

टेलर सोळा वर्षांचाही झाला नव्हता, तेव्हा १८९४ साली अमेरिकेतल्या सायकलस्वारांच्या सर्वांत मोठ्या संघटनेचे, म्हणजे लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेनचे, अधिवेशन केंटकी राज्यात लुईव्हिल इथे भरले. तिथे सभासदत्वाच्या नियमात एक शब्द घालण्यात आला : 'गोरा'. सभासद व्हायचे तर माणूस गोरा हवा. फुल्यांच्या अर्पणपत्रिकेला तेव्हा एकवीस वर्षे झाली होती. गुलामी कायद्याने गेली होती आणि एका खेळाच्या संघटनेच्या घटनेतून ती पुन्हा आत येत होती. कायद्याने अस्पृश्यता गेली म्हणजे ती गेली, असे मानणाऱ्यांनी हे साल लक्षात ठेवावे.

टेलरला शर्यतीत उतरण्याची बंदी नव्हती. बंदी बरोबरीच्या नात्याने संघटनेत बसण्याची होती. ही तऱ्हा आपल्याला नवी नाही. काम करायला वाड्यात या, पंगतीला येऊ नका. बर्डी मंगर नावाच्या एका गोऱ्या सायकलपटू कारखानदाराने या मुलाची ताकद ओळखली. १८९५ साली टेलर त्याच्याबरोबर मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टरला गेला, कारण इंडियानापोलिसमध्ये त्याला ना व्यायामशाळेची दारे उघडी होती ना सगळ्या धावपट्ट्यांची. १८९६ च्या अखेरीस तो व्यावसायिक झाला. १८९७ च्या हंगामात दक्षिणेकडच्या आयोजकांनी त्याच्या प्रवेशिका नाकारल्या, आणि तिथले गुण मिळाले नाहीत म्हणून राष्ट्रीय अजिंक्यपद हातचे गेले. त्याच वर्षी टाँटन गावी शर्यत संपल्यावर एका गोऱ्या प्रतिस्पर्ध्याने त्याला सायकलवरून ओढून त्याचा गळा इतका आवळला की तो बेशुद्ध पडला.

शर्यतीत त्याच्याविरुद्ध वापरली जाणारी युक्ती समजून घेण्यासारखी आहे. सायकलस्वाराचा सर्वांत मोठा शत्रू वारा. पुढच्या स्वाराच्या पाठीशी चिकटून गेले तर वारा तो खातो आणि मागच्याची शक्ती वाचते. म्हणून शर्यतीत सगळे एकमेकांच्या आडोशाने जातात. पण आडोसा देणारी माणसे ठरवून भिंतही होऊ शकतात. गोरे स्वार संगनमत करून टेलरला पुढून, मागून आणि बाजूने घेरत. त्याची वाट बंद करीत आणि आपल्यातल्या एकाला पुढे काढून देत. टेलर यातून एकच गोष्ट शिकला. फट दिसताक्षणी क्षणाचाही विलंब न करता त्यातून निसटायचे. ऑगस्ट १८९९ मध्ये माँट्रियल इथे एक मैलाच्या शर्यतीत तो जगज्जेता झाला. १९०१ साली तो युरोपात गेला. फ्रान्सचा लाडका वीर एदमाँ जाकलँ याच्याकडून पहिला सामना हरला, दुसरा जिंकला. रविवारी शर्यत खेळायची नाही, हे त्याने आपल्या धर्मश्रद्धेपोटी ठरवले होते आणि पॅरिसच्या आयोजकांना ते मान्य करावे लागले. ज्या माणसाला मायदेशी आपल्या अटी घालता येत नव्हत्या, त्याने परदेशात त्या घालून दाखवल्या.

१९१० साली तो निवृत्त झाला. कमावलेला पैसा पुढे संपला. १९२८ साली त्याने स्वखर्चाने आत्मचरित्र छापले आणि दारोदार फिरून स्वतःच विकले. जून १९३२ मध्ये शिकागोच्या सरकारी इस्पितळात, धर्मादाय विभागात, तो वारला आणि बेवारशांच्या जागेत पुरला गेला. १९४८ साली जुन्या सायकलपटूंनी एका सायकल-कारखानदाराच्या मदतीने त्याला तिथून काढून सन्मानाने पुन्हा पुरले. आणि तो 'गोरा' शब्द? त्या संघटनेच्या वारसांनी १९९९ साली तो ठराव औपचारिकपणे रद्द केला. टेलर मरून तेव्हा सदुसष्ट वर्षे झाली होती.

अमेरिकेत हे चालले असताना फ्रान्समध्ये काय होते? त्याच १८९४ साली फ्रेंच सैन्यातला ज्यू कॅप्टन आल्फ्रेड ड्रेफस याला हेरगिरीच्या खोट्या आरोपावरून पकडले गेले. सारा देश दुभंगला. 'ल व्हेलो' हे त्या वेळचे मोठे क्रीडापत्र. त्याचा संपादक पिएर जिफार ड्रेफसच्या बाजूने उभा राहिला. त्याच्या पत्रात जाहिराती देणारे काही बडे कारखानदार ड्रेफसच्या विरोधात होते. त्यांनी १९०० साली नवे पत्र काढले आणि त्यावर आँरी देग्रांज याला बसवले. हेच पत्र पुढे 'लोतो' या नावाने निघू लागले. खप वाढवण्यासाठी काहीतरी अचाट करायला हवे होते, म्हणून १९०३ साली त्यांनी साऱ्या फ्रान्सला वळसा घालणारी शर्यत सुरू केली. तूर द फ्रान्स ती हीच. ड्रेफसला १९०६ साली निर्दोष ठरवण्यात आले, पण त्याच्या द्वेषातून जन्मलेले पत्र तोवर शर्यतीच्या जोरावर भरभराटीला आले होते. आणि जुलै १९४२ मध्ये पॅरिसमधल्या ज्यूंना फ्रेंच पोलिसांनी धरले, तेव्हा हजारो माणसांना, त्यांत चार हजारांहून अधिक लहान मुलांना, शहरातल्या बंदिस्त सायकल-धावपट्टीच्या इमारतीतच कोंडले गेले. तिथून पुढची वाट छळछावण्यांची होती. ज्या बाकांवर बसून लोक शर्यतीत टाळ्या वाजवत, तीच ती बाके.

पहिल्या तूरमध्ये साठ जण निघाले, एकवीस पोचले. अंतर २४२८ किलोमीटर, टप्पे सहा. पहिलाच टप्पा पॅरिस ते लिआँ ४६७ किलोमीटरचा. जिंकला मोरिस गारँ. हा मूळचा इटलीच्या सरहद्दीवरच्या डोंगरातला आणि पोटासाठी धुराडी साफ करीत आलेला. ही गोष्ट महत्त्वाची आहे. या खेळात आलेली माणसे खाणीतली, शेतातली, गिरणीतली होती. दिवसाला सोळा तास राबण्याची सवय असलेल्यालाच ही शर्यत पेलत होती. नियम मात्र संपादकाच्या टेबलावर होत होते.

आणि ते नियम कसे? स्वाराने आपली सायकल स्वतःच दुरुस्त करायची, कोणाची मदत घ्यायची नाही. १९१३ साली पिरेनीज पर्वतात तूर्मालेच्या उतारावर युजेन क्रिस्तोफच्या सायकलचा पुढचा चिमटा मोडला. सायकल खांद्यावर घेऊन तो कित्येक किलोमीटर चालत खालच्या गावी गेला, लोहाराच्या भट्टीवर उभा राहिला आणि स्वतःच्या हाताने लोखंड तापवून, ठोकून त्याने चिमटा जोडला. शर्यतीचे अधिकारी शेजारी उभे राहून पाहत होते. दोन्ही हात गुंतल्यामुळे भाता एका पोराने ओढला. म्हणून त्याच्या वेळेत दंडाची भर घालण्यात आली. तूरचा पिवळा सदरा पहिल्यांदा अंगावर चढला तो १९१९ साली, याच क्रिस्तोफच्या. पण पोराने भाता ओढला म्हणून दंड करणारी बुद्धी कोणती? श्रमाचे गोडवे गावेत आणि श्रम करणाऱ्याला तसूभर सवलत देऊ नये, ही ती बुद्धी.

गिअरचे तेच. हौसेने सायकलवर हिंडणारे फ्रेंच लोक चढावर गिअर बदलत होते. पण तूरच्या स्वारांना मागचे चाक काढून, उलटे करून दात्यांचे दुसरे चक्र लावावे लागे. गिअर हे पंचेचाळिशी उलटलेल्यांचे सोंग आहे, अशा अर्थाचे मत देग्रांजने मांडले होते. साखळी सरकवणाऱ्या गिअरला परवानगी मिळाली ती १९३७ साली, देग्रांज बाजूला झाल्यावर. म्हणजे मौजेसाठी डोंगर चढणाऱ्याला सोय आणि भाकरीसाठी चढणाऱ्याला बंदी! १९२४ साली आँरी पेलिसिए आणि त्याचा भाऊ फ्रांसिस यांनी अंगातला एक सदरा टाकण्यावरून झालेल्या छळाला कंटाळून कुतांस गावी शर्यत सोडली. ते तिथल्या कॅफेत पत्रकार आल्बेर लाँद्र याच्यासमोर बसले आणि वेदना सोसण्यासाठी आपण काय काय घेतो, त्या औषधांच्या बाटल्या त्यांनी काढून दाखवल्या. लाँद्र आदल्या वर्षीच काळ्या पाण्यावरच्या कैद्यांची हकिकत लिहून आला होता. त्यामुळे या स्वारांना 'रस्त्यावरचे सक्तमजूर' हे नाव कायमचे चिकटले. त्याच १९२४ साली इटलीच्या मोठ्या शर्यतीत आल्फोन्सिना स्त्रादा ही शेतकरी घरातली स्त्री पुरुषांबरोबर उतरली. पैशाच्या वादावरून नामांकित स्वार आले नव्हते, म्हणून आयोजकांनी तिला घेतले. एका टप्प्यात ती वेळेत पोचली नाही. तरी यादीबाहेर राहून तिने शर्यत पुरी करून मिलान गाठले. पुढच्या वर्षी नामांकित परतले आणि तिला दार बंद झाले. गरज असेल तेव्हा दार उघडायचे, गरज सरली की नियम दाखवायचा!

आता या खेळातल्या सर्वांत बोलक्या शब्दाकडे येतो. फ्रेंच भाषेत मदतनीस स्वाराला 'दोमेस्तिक' म्हणतात. मराठीत सांगायचे तर घरगडी. हा शब्द शिवी म्हणून जन्मला. १९११ च्या तूरमध्ये मोरिस ब्रोको हा स्वार मागे पडला, तेव्हा त्याने पैसे घेऊन फ्रांस्वा फाबेर या नामांकित स्वाराला साथ दिली. देग्रांजने त्याला घरगडी म्हणून हिणवले. चिडलेल्या ब्रोकोने लगेच पुढचा डोंगराळ टप्पा एकट्याने जिंकून दाखवला. आणि तरीही त्याला शर्यतीतून काढून टाकण्यात आले. ज्याच्यात एवढी ताकद होती, तो कोणाच्या तरी मागे का गेला? पोटासाठी. ते कोणी विचारले नाही. पुढे हीच घरगड्याची पद्धत नियमात बसली आणि आज तिच्याशिवाय एकही संघ चालत नाही. घरगडी आपल्या म्होरक्यापुढे राहून वारा खातो, मागे गाडीपर्यंत जाऊन पाण्याच्या बाटल्या आणतो आणि म्होरक्याचे चाक निकामी झाले तर स्वतःचे काढून देतो. पाणी आणणाऱ्याला तर फ्रेंचमध्ये सरळ पाणक्याच म्हणतात.

१९३४ साली वीस वर्षांचा रने व्हिएत्तो डोंगरात सर्वांत जोरात होता. त्याने आपले चाक काढून संघाचा म्होरक्या आंतोनँ मान्य याला दिले. दुसऱ्या दिवशी तर पुढे गेलेला असताना उलटा फिरून त्याने आपली सायकलच दिली. मान्य शर्यत जिंकला. दगडी कठड्यावर बसून मदतीची वाट पाहत रडणाऱ्या व्हिएत्तोचा फोटो मात्र साऱ्या फ्रान्सने जपला. लोकांना त्यागाचे कौतुक फार. त्याग करावा लागणाऱ्याला काय वाटले, याची चौकशी कमी.

याहून मला हलवून टाकणारी गोष्ट १९५२ सालची आहे. आंद्रेआ कार्रेआ हा फाउस्तो कोप्पी या इटलीच्या महान स्वाराचा घरगडी. नाझींच्या बुखेनवाल्ड छावणीतून जिवंत परतलेला माणूस. आपल्या मालकाच्या हितासाठी तो एका पुढे निसटलेल्या टोळीत सामील झाला. आणि लोझान गावी टप्पा संपला तेव्हा हिशेबाने पिवळा सदरा त्याच्याच वाट्याला आला. त्याला आनंद झाला नाही. तो घाबरला, रडला आणि कोप्पीकडे जाऊन त्याने क्षमा मागितली. दुसऱ्या दिवशी आल्प द्युएझच्या चढावर कोप्पीने तो सदरा घेतला आणि कार्रेआला हायसे वाटले. छावणीचे तारेचे कुंपण ओलांडून आलेल्या माणसालाही मनातले कुंपण ओलांडता आले नाही. खुर्ची पुढे केली तरी खाली बसणारी माणसे आपण आपल्या घरात पाहिली आहेत. म्हणून कार्रेआला हसणे आपल्याला शक्य नाही.

मग ही घरगड्याची पद्धत म्हणजे जातच का? नाही. इथे घाईने निष्कर्ष काढू नये. जातिव्यवस्था ही नुसती श्रमांची विभागणी नाही, ती श्रमिकांचीच विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलन' या न होऊ शकलेल्या भाषणात दाखवून दिले. शर्यतीतला घरगडी करारावर असतो. त्याला पगार असतो. म्होरक्या जिंकला तर बक्षिसाची रक्कम साथीदारांत वाटण्याची रीत आहे. आणि मुख्य म्हणजे तो उद्या म्होरक्या होऊ शकतो. २०१२ साली ख्रिस फ्रूम चढावर आपल्या म्होरक्यासाठी थांबला. २०१३ साली तोच तूर जिंकला. आपल्या गावगाड्यातल्या पाणक्याच्या आयुष्यात असे पुढचे साल कधी आलेच नाही. उलट, ज्याच्या हातचे पाणी चालत नाही त्याला पाणक्याही होता आले नाही. हा फरक मोठा आहे. तो झाकला तर आपणच आपल्या दुःखाचे मोल कमी करू.

पण करारालाही रंग असतो. १९५० साली तूरमध्ये उत्तर आफ्रिकेचा संघ होता. अल्जिरिया तेव्हा फ्रान्सच्या ताब्यात होता. पेर्पिन्याँ ते नीमच्या टप्प्यात, भयंकर उन्हात, अल्जिरियाचे अब्देल-कादेर झाफ आणि मार्सेल मोलिनेस हे दोघे साऱ्यांना मागे टाकून निघाले. मोलिनेसने टप्पा जिंकला. झाफ वाटेत कोसळला, झाडाखाली पडला आणि उठून उलट्या दिशेने निघाला. मुसलमान स्वार दारू पिऊन झिंगला, अशी कथा झाली. द्राक्षमळेवाल्यांनी त्याला शुद्धीवर आणताना अंगावर वाइन शिंपडली होती, असेही सांगितले जाते. उत्तेजक गोळ्यांचाही संशय घेतला जातो. काहीही असो, टप्पा जिंकणारा विस्मरणात गेला आणि पडलेला अरब विनोद म्हणून उरला. बहिष्कृत माणूस इतिहासात आला तरी विदूषक म्हणून येतो, हे आपल्या नाटक-सिनेमांनीही आपल्याला शिकवले आहे.

एरिट्रियाची गोष्ट याच्या पुढची. १८९० ते १९४१ हा देश इटलीची वसाहत होता. सायकल इटालियनांनी आणली, शर्यती त्यांनी सुरू केल्या आणि स्थानिकांना त्यांतून दूर ठेवले. १९३७ पासून तर वंशभेदाचे कायदेच आले. १९३९ साली गोऱ्यांचे श्रेष्ठत्व सिद्ध व्हावे म्हणून दोघांची एकत्र शर्यत घेण्यात आली. ती जिंकला घेब्रेमारियम घेब्रू हा एरिट्रियाचा तरुण. त्याच मातीतला डॅनियल टेकलेहायमानोत २०१५ साली तूरमध्ये डोंगरांच्या राजाचा ठिपक्यांचा सदरा घालून फिरला. मार्च २०२२ मध्ये अस्मारा शहराच्या बिनियम गिर्मायने बेल्जियममधली गेंट-वेव्हेल्गेम ही शर्यत जिंकली. त्याच वर्षी मे महिन्यात इटलीच्या मोठ्या शर्यतीचा एक टप्पा जिंकला, म्हणजे जुन्या मालकाच्या घरी जाऊन. २०२४ च्या तूरमध्ये त्याने तीन टप्पे आणि हिरवा सदरा मिळवला. तूरचा टप्पा जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकी स्वार. तूर सुरू होऊन तेव्हा एकशे एकवीस वर्षे झाली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये रस्त्यावरच्या सायकलशर्यतींचे जागतिक अजिंक्यपद प्रथमच आफ्रिकेत, रवांडाच्या किगाली शहरात, झाले. रवांडा एके काळी बेल्जियमच्या अमलाखाली होता आणि ज्या काँगोतल्या रबराची हकिकत मी वर सांगितली, तो त्याचा शेजारी.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांशी आपले नाते नुसते भावनेचे नाही. १९४६ साली बाबासाहेबांनी डू बॉइस यांना पत्र लिहिले होते आणि १९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने आपले नाव तिकडच्या चळवळीवरून घेतले. आपण त्यांचे कवी वाचले, त्यांच्या कादंबऱ्यांवर चर्चा केली. पण त्यांचा मेजर टेलर आपल्या फारसा परिचयाचा झाला नाही. शरीराच्या बळावर ज्यांनी नकार दिला, त्यांचा इतिहासही आपल्या वाङ्मयीन विचारात आला पाहिजे. शब्द ज्यांच्या हाती पोचला नाही, त्यांचा नकार अनेकदा पायांतून उमटला आहे.

आता दर जुलैमध्ये तूर घरबसल्या पाहता येते. दुपारी ती लागली की मी कामे बाजूला ठेवतो. माझी एक विनंती आहे. शेवटच्या शंभर मीटरमध्ये हात वर करणाऱ्याकडे सारे जग पाहत असते. आपण त्याच्या दोनशे मीटर आधी पाहावे. तिथे एक माणूस दोन-तीन किलोमीटर वारा छातीवर घेऊन, आता शक्ती संपली म्हणून हळूच बाजूला होतो. कॅमेरा त्याला सोडून पुढे जातो. त्याचा क्रमांक ऐंशीवा असतो, कधी शंभरावा. निकालपत्रात त्याच्या वाऱ्याची नोंद नसते. ती नोंद करणे हे इतिहासकाराचे काम आहे. आणि तो कराराने बाजूला झाला की जन्माने बाजूला केला गेला, हे विचारणे आपले.